मेलेली करडं

"शेळ्याच मोजायच्या होत्या तर बापाकडंच राहायचं होतं."

माझे मार्गदर्शक सर हे भरल्या खोलीत म्हणाले. हिंगोलीच्या आमच्या संशोधन केंद्रात त्या दिवशी पीएच.डी.च्या आराखड्यांसाठी समिती बसली होती. माझा विषय करडांचा. सुबाभळीचा पाला खाणारी करडं आणि न खाणारी करडं, कुणाचं वजन किती वाढतं. शिरड शहापूरला, माझ्याच गावात, घरोघर फिरून पाच महिने मी ताणकाट्याला करडं लटकवली होती. सरांनी विचारलं, विश्लेषण कसं करणार? मी म्हणाले, आधी आकडे गोळा करते, मग बघते काय निघतं ते. त्यावर त्यांचं हे वाक्य. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

माझ्यानंतर सरांची पुतणी उठली. डोंगरकड्याच्या बागायतदाराची लेक, विषय हळदीचा. विश्लेषणाची योजना चार पानी, टाइप केलेली. मुख्य प्रश्न कोणता, तुलना कशाची कशाशी, चाचणी कोणती, सगळं आधीच ठरलेलं. ती पानं पुण्यात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या तिच्या दाजींनी लिहून दिली होती, हे केंद्रात सगळ्यांना माहीत होतं. सर मान डोलवत होते आणि मी जळत होते. तिच्या पानांवर. तिच्या न अडखळणाऱ्या आवाजावर. फोन लावला की समजावून सांगणारं माणूस तिच्या घरात होतं, त्यावर तर फारच.

तरी मी तिच्याकडे ती फाइल मागितली. "घे की, त्यात काय," म्हणून तिने लगेच पाठवली. नाही म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

गावी जाऊन लॅपटॉपवर ती फाइल उघडून ओसरीवर बसले. जिथे हळद होती तिथे करडू लिहीत गेले. माझ्या तक्त्यात मेलेल्या करडांवर लाल काट मारलेली होती. तक्ता स्वच्छ दिसावा म्हणून.

समोर आबा, माझे वडील, एका करडाच्या गळ्यात दोरा बांधत होते. त्याच शेळीचं दुसरं करडू बिनदोऱ्याचं. नवा पाला करून बघायचा असला की ते असंच करतात. लहानपणापासून बघत आले, अडाणीपणा समजत आले. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, एकाच शेळीची काहून?

"दुसरीचं घेतलं तर दूध कमीजास्त. मंग पाल्यानं वाढलं का दुधानं, कसं कळंल?"

"आन किती दिवस?"

"पोळ्यापस्तोर. आदीच ठरवावं लागतं. न्हाई तर मंग मन पलटतं."

"एखादं मेलं तर?"

"मेलेलंबी धरायचं. न्हाई तर आपलाच पाला चांगला वाटतो."

मी लिहायची थांबले. पाच महिने बाहेरच्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि घरच्या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं. तिची फाइल पुसून टाकली. दोन पानं स्वतःच्या हाताने लिहिली. प्रश्न एकच. जुळ्या करडांची तुलना जुळ्यांतच. शेवटचं वजन कधी घ्यायचं, ते आधीच. लाल काट मारलेली सगळी करडं परत तक्त्यात.

पुढच्या समितीत सरांनी पानं चाळली. म्हणाले, "हे कुणी करून दिलं?"

"मी केलं. वडलांना विचारून."

यावेळी फक्त तेच हसले. मग म्हणाले, मेलेली काढून टाक, निकाल उठून दिसेल, सही करतो. त्या सहीशिवाय माझी नोंदणी पक्की होत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"न्हाई काढणार, सर."

मी हसले नाही.

पुतणीच्या पानांवर सरांची सही त्याच दिवशी झाली. माझ्या पानांवर अजून नाही. तिच्यावर मी आजही जळते, खोटं कशाला बोलू. पण दर महिन्याला मी तीच दोन पानं घेऊन सरांच्या दारात उभी राहते. ते काढ म्हणतात, मी नाही म्हणते. पुढच्या महिन्यातही जाणार आहे. एक करडूसुद्धा कमी न करता.