रुखमाबाईनं घेतलेलं नाव

यवतमाळच्या कोर्टात ममताबाईंना 'येड्यांची वकील' म्हणतात. तोंडावर नाही, चहाच्या टपरीवर. पण टपरी काही लांब नाही, ऐकू येतंच. बाई रागवत नाहीत. म्हणतात, "शहाण्यायले वकील भेटतेच. येड्यायले कोण?"

त्यांचं काम सांगायला सोपं, करायला जड. माणसाची समज शाबूत आहे की गेली, अन् त्याच्या देहाचं, औषधपाण्याचं त्यानं ठरवायचं की दुसऱ्यानं, यावर त्या भांडतात. बाभुळगावची ही पोर, याच भांडणात तिचे केस पिकले. दवाखान्यात गेल्या की आधी काळा कोट काढून खुर्चीवर टाकतात. म्हातारी माणसं काळा कोट पाहिला की चोरी केल्यासारखी बोलायला लागतात. मग खाटेला टेकून बसायचं, हात हातात घ्यायचा, जेवलीस का विचारायचं, अन् मुद्द्याचं सगळ्यात शेवटी.

ढाणकीच्या रुखमाबाईचं प्रकरण त्यांच्याकडं आलं ते असं. शुगरनं म्हातारीचा पाय खाल्ला. आधी बोटं काळी पडली, मग काळं वर चढायला लागलं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालून कापावा लागेल, नाहीतर जीव जाईल. रुखमाबाई नाही म्हणाली. लेक गोपाल रडला, पाया पडला, म्हणजे चांगल्या पायाच्या, तरी नाहीच. तेव्हा त्यानं कोर्टात अर्ज केला की मायची समज गेली, तिच्या जागी सही करायचा हक्क मला द्या. पोरगा वाईट नव्हता. त्याला माय जिवंत पाहिजे होती, एवढंच. अन् म्हातारीच्या बाजूनं बोलायला कोर्टानं ममताबाईंना नेमलं.

डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा. म्हणाला, "मॅडम, मी तिला नवऱ्याचं नाव विचारलं. नुसती बघत राहिली. पुन्हा विचारलं तर पदर तोंडावर घेतला. जिला नवऱ्याचं नाव आठवत नाही, तिला ऑपरेशन काय कळणार?"

ममताबाई गालातल्या गालात हसल्या. त्या स्वतः नवऱ्याला 'संघदीप' अशी गल्लीभर ऐकू जाईल एवढी हाक मारतात. पण त्यांच्या आजीनं जन्मात आजोबाचं नाव घेतलं नव्हतं. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "इकडच्या म्हाताऱ्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तुम्ही लाजवलं तिला."

मग खाटेवर टेकून त्यांनी म्हातारीला विचारलं, "आजी, पाय काहून कापू देत नाई?"

"माहा हाये म्हनून."

"नाई कापला तं काय होईन?"

"मरीन."

"अन् कापला तं?"

"तरी मरीनच, जरा उशिरानं. पन पाय कुठी नेतीन थे? दवाखान्याच्या भट्टीत. म्हंजे मी जळन ढाणकीत अन् माहा पाय यवतमाळात. मले दोन ठिकानी जळाचं नाई, बाई."

कायद्याला एवढं पुष्कळ होतं. काय होणार ते कळतं, ते तोलून पाहता येतं, तोंडानं सांगता येतं. पण ममताबाईंना वाटलं, दोन ठिकाणी जळायची गोष्ट जज साहेबाला येडेपणाचीच वाटायची. एखादी चटकन पटणारी गोष्ट हाताशी असलेली बरी.

जज साहेब वॉर्डात आले. डॉक्टरनं नवऱ्याच्या नावाचं सांगितलं. ममताबाई म्हणाल्या, "साहेब, नाव असं मागितलं तर नाही मिळणार," अन् म्हातारीकडं वळल्या. "आजी, उखाणा घ्या ना एक."

रुखमाबाईचा चेहरा बदलला. सुरकुत्यांतून कोणी नवी नवरी डोकावून गेली. पदर सारखा करून म्हणाली,

"पऱ्हाटीले आलं बोंड, वेचता सरली ओळ,
देवरावाचं नाव घेतो, झाली जेवाची वेळ!"

बाजूच्या खाटांवरच्या बाया हसल्या, नर्स हसली, साहेबही मिशीत हसले. डॉक्टर तेवढा खाली पाहत राहिला. भट्टीचं बोलणंही साहेबांनी ऐकून घेतलं, पण भाव उखाण्यानंच खाल्ला. अर्ज फेटाळला गेला. गोपाल मायला घेऊन ढाणकीला गेला.

त्या दिवशी टपरीवर कोणी येड्यांची वकील म्हटलं नाही.

पण बाईंची एक खोड आहे. निकाल लागला की माणूस सोडून देत नाहीत, एकदा तरी घर गाठतात. ढाणकीला गेल्या तर दारातच वास आला. रुखमाबाई बाजेवर होती, पायावर माशा बसू नयेत म्हणून सून लुगड्याच्या तुकड्यानं वारा घालत होती.

"माय, वकीलबाई आल्या," गोपाल म्हणाला. "तुनं बाबाचं नाव घेतलं होतं ना यायच्यासमोर? देवराव म्हनून?"

म्हातारीनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "कोन देवराव?"

"थट्टा नको करू, माय."

"थट्टा कायले करू? इथलाच हाये काय तो?"

वारा घालणारा हात थांबला. पन्नास वर्षं जिभेवर बसलेला उखाणा, जात्यावरच्या ओवीसारखा आपोआप बाहेर पडला होता. त्यातला माणूस कधीच निघून गेला होता. डॉक्टरनं विचारलं तेव्हा म्हातारी लाजली होती की तिला खरंच सापडत नव्हतं, ते आता कोणी सांगावं?

त्या बाजेवर टेकल्या. कोट नव्हताच अंगात. "आजी, पाय कापू द्याचा काय अजून?"

"नाई."

"काहून?"

"सांगतलं ना तुमाले. दोन ठिकानी जळाचं नाई मले."

नवरा आठवणीतून गेला होता, पण हे शाबूत होतं. ममताबाईंनी गोपालकडं पाहिलं. त्याच्या तोंडावर काही उजळलं नाही. तो त्यांना बसस्टँडवर सोडायला आला, अन् गाडी लागल्यावर म्हणाला, "तुमाले माहीत होतं काय बाई, का तिले बाबा आठवत नाई?"

"नव्हतं."

"असतं तं?"

"तरी मी तिच्याकडूनच भांडली असती, गोपाल."

"उखाना घ्याले लावला असता काय?"

कंडक्टरनं घंटी मारली, तेवढं बरं झालं.

पोळा झाला अन् गोपालचा फोन आला. "माय गेली."

ममताबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"एकाच ठिकानी जाळली, बाई," तो म्हणाला अन् फोन ठेवला.

आभार मानले की तळतळाट दिला, त्यांना आजतागायत समजलेलं नाही. इतकी वर्षं लोकांची समज पारखणारी बाई ती. फोन हातात धरून त्या अंगणात गेल्या. नवरा कुंड्यांना पाणी घालत होता.

"संघदीप," त्यांनी हाक मारली.

"काय व्हय?"

"काई नाई," बाई म्हणाल्या, अन् थोड्या वेळानं पुन्हा हाक मारली.