उतारावरचे गोटे

घाट उतरताना मला समोरच्या सायकलचं मागचं चाक सोडून काही दिसत नाही. रस्त्यात काय आहे ते पुढच्याने हाताने खुणावायचं असतं, पण उतारावर ब्रेकवरचा हात कोण सोडतो? राजूर घाटात आम्ही सगळे असे एकमेकांच्या भरवशावर सुटतो. हौशी शर्यत म्हणतात याला. मला मात्र दर वळणावर पडायची भीती असते.

एका वर्षी शर्यत सोयाबीनच्या दिवसांत होती. घाटाखालच्या गावात अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतात आणि त्यावर गाड्या जाऊ नयेत म्हणून कडेने गोटे मांडतात. शर्यतीसाठी दोन्ही उचलायला आयोजकांनी गावात सांगून ठेवलं होतं.

गावाजवळच्या वळणावर समोरचा एकाएकी बाजूला झाला आणि माझ्या चाकापुढे नारळाएवढा गोटा आला. सायकल कशी वळली, मला आजही सांगता येत नाही. सोयाबीन उचललेलं होतं. गोट्यांची रांग जागच्या जागी होती.

शर्यत गेली खड्ड्यात म्हणून मी तणतणत मागे आलो. तिथल्या ओट्यावर एक बाई बसली होती.

"काऊन नाही उचलले माय हे गोटे?"

"मुद्दाम राहू देले, बापा. सोयाबीनवर गाडी येत नाही त्याच्यानं. म्हटलं, तुमच्याही अंगावर येणार नाही."

तेवढ्यात एक ट्रक गोट्यांना वळसा घालून गेला. ट्रकची भीती माझ्या मनात तोवर आलीच नव्हती. आता उतारावर तीही सोबत असते.