आडवी बाटली आणि लेकीचं नाव

दुकान बंद करा असं पहिल्यांदा माझा पोरगाच म्हणाला. वरठीच्या कारखान्यात कामाला जायचा, आणि त्याची वाट देशी दारूच्या दुकानावरूनच होती. एक दिवस चुलीपाशी येऊन बसला. "माय, तुम्ही बाया मिळून ते दुकान बंद करून टाका ना. मले त्याच्यापुढून न थांबता जाताच येत नाही."

पोरगं स्वतःच्या तोंडानं असं म्हणते, मग आई बसून राहील काय? घरोघरी फिरून बायांच्या सह्या, अंगठे घेतले. मोहाडीला तहसीलीत चकरा मारून चपला झिजवल्या. शेवटी मतदान लागलं, फक्त बायांचं. चिठ्ठीवर दोन बाटल्या. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण मतदार यादीतल्या एकूण बायांपैकी अर्ध्याहून जास्त शिक्के आडवीवर पाहिजेत. जी आली नाही, ती दुकानाच्याच कामी आली.

त्या दिवशी बाया धानाचा रोवणा सोडून आल्या, पायाचा चिखलही धुतला नाही. उभीवर मोजकेच शिक्के पडले. आडवीवर बरोबर अर्धे. एक कमी पडला आणि आम्ही हरलो.

मी यादी मागून पाहिली. मरून गेलेल्या म्हाताऱ्या त्यात होत्या. त्यांची नावं कोणी राहू दिली, मले माहीत नाही. पण माझ्या लेकीचं नाव मीच राहू दिलं होतं. ती केव्हाची नागपूरला नांदते. यादी तपासायला आलेल्या गुरुजींनी विचारलं होतं, कमी करू काय? आमच्याकडे कोणतीच आई हो म्हणत नाही. मी तर त्यांच्यावर खेकसले होते, "कायले कमी करता? तेवढं तरी राहू द्या तिचं माहेरी." ते एक नाव नसतं, तर आमचे शिक्के अर्ध्याच्या वर गेले असते. गावाला शहाणपण शिकवत फिरले आणि घरचंच दिसलं नाही. आग लागो माझ्या मायेला.

पोरगा दारातच बसला होता. माझं तोंड पाहूनच समजला. "मंग मी आता कसा जाऊ, माय?" एवढंच म्हणाला.

पुन्हा मतदान मागायला वर्षभर थांबा, असं साहेबांनी सांगितलं. पोराच्यानं वर्ष निघालं नाही.

लेकीचं नाव कमी करायला मी तहसीलीत गेले. बाबूनं अर्ज पाहून विचारलं, "आणखी कोणाचं कमी करायचं आहे काय?"

पिशवीतून पोराच्या मृत्यूचा दाखला काढून मी त्याच्यापुढे ठेवला.