नकाशावरची रिकामी जागा

मी धुळ्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते आणि संशोधन करते समुद्रकिनाऱ्याचं. एका परिषदेत कुणीतरी मला विचारलं होतं, की तुमच्याकडे समुद्र कोणत्या तालुक्यात येतो. सगळे हसले. माझं माहेर वरणगावचं, तापीजवळचं. मी म्हटलं, आमच्या पावसाचं पाणी शेवटी कुठं जातं ते एकदा बघून या. पुढं कुणी हसलं नाही, पण मला कामही कुणी दिलं नाही. मिळालं ते बऱ्याच वर्षांनी, आणि त्या कामातच माझं भांडण झालं.

काम असं होतं. सुरतेच्या पलीकडं एका खाडीच्या काठी काही गावं आहेत. समुद्राची पातळी वाढतेय, वादळं वाढतायत, तर तिथं धोका कुणाला किती, हे शोधायचं. शिवाय पुढं समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहणार होत्या. त्यांची वीज किनाऱ्यावर आणायची, तर तिचं केंद्र कुठं बसवावं, हेही सुचवायचं. प्रकल्पाचे प्रमुख किनाऱ्यावरच्याच एका संस्थेतले वयस्क प्राध्यापक होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. माझ्याकडं वस्त्यांचा नकाशा होता. कोण कुठं राहतं आणि उधाण आलं तर पाणी कुणाच्या दारात जाईल, ते मी दाखवायचं.

मी पवनचक्क्यांच्या विरोधात नव्हते, आजही नाही. साक्रीच्या पठारावर त्या फिरताना बघत माझे निम्मे विद्यार्थी वाढलेत. समुद्राचा कारभार कसा चालतो, कोणतं पाणी राज्याचं, कोणतं केंद्राचं, भरतीच्या रेषेजवळच्या जमिनीला कोणते नियम, हे सगळं मी आवडीनं शिकले होते.

थंडीत मी त्या गावात गेले. घरं फिरून झाली. परतायच्या दिवशी सहज म्हणून समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या पलीकडं, समुद्राच्या बाजूला उतरले. तिकडं कोळंबीची तळी होती. चिखल, खारा वारा आणि लांबवर ताडपत्रीच्या झोपड्या. एक बाई शेळीवर ओरडत होती, "आठे ये. तठे चिखल शे."

मी जागच्या जागी उभी राहिले. इतक्या लांब, खाडीच्या तोंडाशी, आमच्याकडची अहिराणी. मी अहिराणीतच विचारलं, की तुम्ही कोणत्या गावच्या. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि शेळी सोडून माझा हात धरला.

त्या आमच्याच जिल्ह्यातल्या, शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या. पन्नाशीच्या असतील. वस्तीत सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. घरात त्यांची वेगळी बोली होती, बाहेरच्यांशी अहिराणी. पावसावरची ज्वारी-मका घरात आला, की त्यांचं घर आणि शेजारची घरं इकडं यायची. तळ्यांचे बांध घालायचे, गाळ उपसायचा आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी परतायचं. अशी त्यांची बरीच वर्षं गेली होती. मोठ्या मुलीचं बाळंतपणसुद्धा त्यांनी त्या ताडपत्रीखालीच केलं होतं.

आदल्या फाल्गुनात, अमावस्येला, भर दुपारी उधाण आलं आणि वाराही सुटला. गावात इशाऱ्याचा भोंगा वाजला तो इकडं ऐकू आला नाही. पाणी चुलीपर्यंत आल्यावरच कळलं. लेकरं खांद्यावर घेऊन ही माणसं बंधाऱ्यावर चढली आणि तिथून गावातल्या वादळासाठी बांधलेल्या निवाऱ्याकडं गेली. दारावरच्या माणसानं सांगितलं, की हे गावकऱ्यांसाठी आहे. पाणी उतरेपर्यंत ती बंधाऱ्यावर बसून राहिली. खाली परत आली तेव्हा चार बांबू तेवढे उभे होते. अक्कांच्या दोन शेळ्या वाहून गेल्या होत्या.

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. मला भाकरी वाढत होत्या.

धुळ्याला आल्यावर मी नकाशात ती वस्ती भरली, सर्वात जास्त धोक्याच्या रंगात. पुढच्या बैठकीत पडद्यावर नकाशा आला तेव्हा तिथं रंगच नव्हता. 'रिकामी जागा' असं लिहिलं होतं. शेजारी खूण होती, वीजकेंद्रासाठी योग्य.

मी सरांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, आपण कायम राहणारी घरं धरतो, ही माणसं हंगामी आहेत. मी म्हटलं, वर्षातले निम्मे महिने राहतात. तेव्हा ते थोडे कंटाळून म्हणाले, "मॅडम, त्यांचा धोका तुमच्या धुळे जिल्ह्याच्या अहवालात येईल."

"आमच्या जिल्ह्यात भरती येत नाही, सर."

सर वाईट नव्हते. मुदत जवळ आली होती आणि एकदा ठरलेलं मोडायला त्यांना नको होतं. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की एका वस्तीसाठी सगळं काम अडकवू नका. मी म्हटलं, ती वस्ती नसेल तर माझा नकाशा वापरू नका आणि माझं नावही घालू नका. ते म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, केला.

माहेरी भावानं डोक्याला हात लावला. इतक्या वर्षांनी कुणीतरी बोलावलं होतं, तेही घालवलंस, म्हणाला. आबा, म्हणजे माझे वडील, कारखान्यातून निवृत्त झालेले, ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी मला एकच विचारलं, की ती माणसं तिथं राहतात की नाही. राहतात, म्हटलं. मग जेवायला बसा, ते म्हणाले आणि आत गेले.

आखाजीला मी अक्कांच्या गावी गेले. निंबाला झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. मी अक्कांना नकाशाचं सांगितलं. पावसाळ्यानंतर त्या खाडीच्या गावात वीजकेंद्राच्या जागेबद्दल जाहीर सुनावणी होणार होती, ज्याला म्हणायचंय त्यानं म्हणावं अशी. येता का, विचारलं. त्यांचे यजमान म्हणाले, तळ्याच्या शेटला कळलं तर काम जाईल. ते खरंच होतं आणि मी तसं कबूल केलं. अक्का उठून पाणी भरायला गेल्या. हंडा उतरवून ठेवताना एवढंच म्हणाल्या, की कोणत्या वाराला निघायचं ते सांग.

सुनावणीला त्या एकट्या आल्या नाहीत. आणखी तीन बायका घेऊन आल्या. आम्ही नवापूरवरून बसनं गेलो. सभागृहात पुढच्या खुर्च्यांवर सर आणि त्यांची मंडळी होती. मी मागं, गावकऱ्यांमध्ये, अक्कांच्या शेजारी बसले. नकाशा लागला, सर बोलले. मग मी उभी राहून म्हटलं, की ही जागा रिकामी नाही. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या? धुळ्याच्या, म्हटलं. ते म्हणाले, ही सुनावणी किनाऱ्यावरच्या लोकांसाठी आहे.

तेव्हा अक्का उठल्या. पदर नीट केला आणि अहिराणीतच बोलल्या, "हाई जागा रिकामी नही शे. तठे आम्ही ऱ्हातस."

मी ते हिंदीत सांगितलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, पण तुमचं गाव कोणतं?

"मनं गाव डोंगरजोडे शे," अक्का म्हणाल्या. "पन पानी माले तठे भेटनं, गावमा नही."

डोंगराजवळ गाव आहे, पण पाणी मला तिथं भेटलं, गावात नाही. हे मी जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. मग तिथल्याच एक मासे विकणाऱ्या बाई उठून म्हणाल्या, की ही माणसं दरसाल येतात, यांच्या झोपड्यांवर मी मासळी घेऊन जाते, ही नाहीत असं कसं म्हणता. सरांनी चष्मा काढून पुसला. अधिकाऱ्यांनी लेखनिकाला सांगितलं, लिहून घ्या.

पुढं काय झालं तेही सांगते, कारण सगळं गोड झालं असं मला दाखवायचं नाही. वीजकेंद्राची जागा खाडीच्या दुसऱ्या अंगाला सरकली. आमच्यामुळं की जमीन मऊ निघाली म्हणून, ते मला कुणी सांगितलं नाही. तळ्यांकडं एक भोंगा बसला. निवाऱ्याच्या दारावर आता कुणाला अडवत नाहीत, असं अक्का सांगतात. झोपड्या मात्र अजून बंधाऱ्याच्या चुकीच्या बाजूला आहेत. शेटनं त्या हिवाळ्यात अक्कांच्या घराला काम दिलं नाही. त्यांना पलीकडच्या तळ्यावर मिळालं. मी एकदा त्याबद्दल वाईट वाटतं म्हणाले, तर त्या रागावल्या. मी आपल्या पायांनी आलते, म्हणाल्या.

प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात मला घेतलं नाही. अहवालात माझं नाव नाही, नकाशाही नाही. तो मी आमच्या कॉलेजातून, वस्तीसकट, वेगळा छापला. ज्यांना हवा होता त्यांच्यापर्यंत तो पोचला. ज्यांना नको होता त्यांनाही मी पाठवला.

आता दर पावसाळ्यात, माणसं गावी असतात तेव्हा, मी वर्ग घेऊन सातपुड्याच्या पायथ्याला जाते. कोणत्या गावातली माणसं कोणत्या किनाऱ्यावर कामाला जातात, तिथं कुठं झोपतात, पाणी आलं तर कुठं पळतात, हे आम्ही घरोघरी विचारून उतरवतो. आमच्याकडची गावं एका बाजूला आणि समुद्र दुसऱ्या बाजूला, असा नकाशा होतोय. मध्ये माणसांच्या वाटा आहेत. परवा एका मोठ्या संस्थेतून विचारणा झाली, की या अभ्यासाला मान्यता कुणाची आहे. मी कळवलं, की ज्यांचा नकाशा आहे त्यांना विचारलंय. काम चालू आहे.