एका फुप्फुसाची उल्याना

उल्याना स्कीबा आमच्या पिठाच्या गिरणीत पोती शिवायची आणि मी त्याच गिरणीच्या दवाखान्यात नर्स होते. पिठाची धूळ छातीत बसते, म्हणून वर्षातून एकदा प्रत्येक कामगाराची फुंक मोजायची असा नियम होता. नळीत जोर लावून फुंकायचं, की यंत्राचा काटा सरकतो. पोती वाहणारे गडी तो काटा पाच हजार मिलिलिटरपर्यंत नेत. उल्यानाताईनं फुंकलं आणि काटा एकोणीसशेवर थांबला. मी तेव्हा त्या गिरणीत नवीन होते.

"ताई, पुन्हा फुंका. नळी गळतेय वाटतं."

"नळी चांगली आहे ग," ती म्हणाली. "माझंच एक फुप्फुस आहे. दुसरं काढलंय."

तिनं पाठमोरी होऊन सदरा वर केला. खांद्याच्या फऱ्याखालून निघालेला व्रण बरगडीला वळसा घालून पुढे छातीपर्यंत आला होता. अठ्ठाविसाव्या वर्षी क्षय झाला, डावं फुप्फुस पार सडलं आणि शहरातल्या डॉक्टरांनी ते काढून टाकलं. घरी आली तेव्हा दोन पायऱ्या चढली की तिला भिंत धरावी लागायची. रुग्णालयात फरशी पुसणाऱ्या एका बाईनं तिला एक उपाय शिकवला होता. काचेच्या बरणीत वीतभर पाणी घ्यायचं, त्यात रबरी नळी सोडायची आणि फुंकून बुडबुडे काढायचे. जोरात नाही, एकामागून एक, माळ ओवल्यासारखे. उल्यानाताई ते रोज करत राहिली. एक दिवस चुकला नाही, आणि असे दिवस करता करता चोवीस वर्षं झाली.

गिरणीच्या मागच्या गोदामात गड्यांची व्यायामशाळा होती. आमच्याकडे पूर्वी धान्य तोलायला कडीची लोखंडी वजनं असत, अशा एका वजनाला गिर्या म्हणतात. धान्य मोठ्या वजनकाट्यावर तोललं जाऊ लागलं आणि गिर्या खेळाच्या झाल्या. दोन पायांमधून झोका देऊन गिर्या एका दमात डोक्यावर न्यायची, हात सरळ करून क्षणभर स्थिर राहायचं, मग खाली आणायची. असं दहा मिनिटं. जमिनीला टेकली की खेळ संपला. विसावा घ्यायचा तर वजन डोक्यावर धरूनच घ्यायचा.

त्या शाळेचा गुरू होता नेचिपीर, सत्तरीला आलेला जुना खलाशी. आणि त्याचा लाडका चेला साव्वा, चोवीस वर्षांचा, बैलासारख्या मानेचा. पण सहाव्या मिनिटाला साव्वाचा दम उखडायचा. नेचिपीरनं त्यावर उपाय म्हणून सैन्यातला विषारी वायूचा जुना मुखवटा आणला. तो तोंडावर बांधून धावलं की हवा कमी मिळते आणि छाती तयार होते, असं त्याचं म्हणणं. साव्वा तो बांधून गिरणीला तीन फेऱ्या मारून आला आणि मुखवट्यातच ओकला.

दुसऱ्या दिवशी कमरेचे पट्टे शिवून द्यायला उल्यानाताई तिथे गेली. मीही होते, एकाचं मनगट बांधत. साव्वा गिर्या उचलत होता. ती दारात उभी राहून बघत होती.

"हा नुसता हवा घेतोय," ती हळूच मला म्हणाली. "सोडायचं नावच नाही. भरलेल्या पोत्यात अजून किती भरणार?"

साव्वानं ते ऐकलं. गिर्या आपटून तो म्हणाला, "घ्या! आता पोती शिवणारी मावशी आम्हाला श्वास घ्यायला शिकवणार. मावशी, तुमच्याकडे तर अर्धाच माल आहे ना?"

गडी हसले. उल्यानाताईही हसली. "आहे खरा अर्धाच. पण तो तुझ्यासारखा उधळत नाही मी."

नेचिपीर हसला नाही. "उधळत नाही म्हणजे काय करतेस, पोरी? दाखव."

ती घरी जाऊन बरणी आणि नळी घेऊन आली. एका श्वासात कोण जास्त वेळ बुडबुडे काढतो, अशी पैज लागली. माळ तुटली की बाद. पहिला साव्वा बसला. छाती फुगवून त्यानं अशी फुंक मारली की अर्धं पाणी टेबलावर आलं. नेचिपीरच्या घड्याळात नऊ सेकंद झाले होते. मग बाकीचे बसले. कुणी चौदा, कुणी एकोणीस. एकाला खोकला आला. साव्वा पुन्हा बसला आणि चेहरा लालबुंद करून सव्वीसवर पोचला.

मग उल्यानाताई बसली. तिनं आधी होता नव्हता तो श्वास सोडून दिला, पोट आत गेलं. मग शांतपणे एक घेतला आणि नळी ओठांत धरली. बुडबुडे येऊ लागले, वाटाण्याएवढे, सगळे सारखे. तीस झाले. चाळीस झाले. गोदामात तो बारीक बुडबुड आवाज तेवढा ऐकू येत होता. तिचा चेहरा भाकरी थापणाऱ्या बाईसारखा निवांत होता. बहात्तराव्या सेकंदाला माळ तुटली.

नेचिपीरनं घड्याळ खिशात ठेवलं. "उद्या कामावरून सुटलीस की इकडे ये," तो म्हणाला. "आठ किलोपासून सुरू करू."

"मी? त्रेपन्न वर्षांची आहे काका मी."

"वय विचारलं का मी तुला?"

अशी ती गिर्या उचलायला लागली. गडी तिला जागा करून देत, आणि त्याच्या बदल्यात ती त्यांना बरणीपुढे बसवी. ती सांगायची, गिर्या वर जाताना श्वास सोड, वर धरून पुन्हा सोड, खाली येताना सोड. घेण्याची काळजी करू नकोस, तो आपोआप आत येतो. साव्वानं पंधरा दिवस तोंड वाकडं केलं. पण एक दिवस दहाची दहा मिनिटं संपली तरी तो उभाच होता. तेव्हापासून मावशीचे पट्टे तो स्वतः आणायला जाऊ लागला.

वर्षभरानं नेचिपीर माझ्याकडे कागद घेऊन आला. पोल्तावा शहरात जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या, त्यात प्रौढ बायकांचा गट होता, आणि उल्याना बारा किलो उचलणार होती. प्रकृती ठीक असल्याची माझी सही हवी होती.

"मी नाही करणार," मी म्हणाले. "तिथे तिला काही झालं तर?"

"मग ये आणि बघ. बघून नाही म्हण."

तीन आठवडे मी रोज गेले. नाडी मोजली, नखं पाहिली, ओठ निळे होतात का पाहिलं, छातीला ऐकायची नळी लावली. मला खोट काढायची होती, खरं सांगते. दहा मिनिटांनंतर साव्वाची नाडी एकशे ऐंशीवर जायची, तिची एकशे पन्नासच्या वर जात नव्हती. तिला घाईच नव्हती. मिनिटाला दहा, त्याहून एकही जास्त नाही. मी सही केली, पण त्या रात्री झोप लागली नाही.

पोल्तावात मंचावर जायच्या आधी तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. तरुण डॉक्टर होता. उजवीकडे ऐकून त्यानं मान हलवली. डावीकडे नळी लावली, सरकवली, पुन्हा लावली.

"बाई, जरा मोठा श्वास घ्या. इकडे काहीच ऐकू येत नाही."

"इकडे कुणी राहत नाही, डॉक्टर," उल्यानाताई म्हणाली. "पलीकडे विचारा."

त्यानं माझी सही पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मी माझ्याजवळचे तीन आठवड्यांचे आकडे दाखवले. त्यानं ते दोनदा वाचले. मग म्हणाला, "मी मंचाशेजारी उभा राहतो."

सात बायका होत्या. शिट्टी झाली. इतर सहाजणींनी झपाटा लावला आणि उल्यानाताई एकटीच मागे राहिली. ती गिर्या वर न्यायची आणि हात ताठ करून थांबायची. लोकांना वाटे, अडकली. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "या म्हातारीला कशाला आणलं?" चौथ्या मिनिटाला एकीनं गिर्या टेकवली. पाचव्याला दुसरीनं. साडेसहाला तिसरी खाली बसली, तिला पाणी दिलं. उल्यानाताईनं हात बदलला. वर. थांब. ओठांतून फुंकर. खाली.

आठव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की मी स्वतःचा श्वास रोखून धरलाय. वीस वर्षं मी लोकांच्या छात्या ऐकत आले, कुठल्या छातीकडून काय होईल ते मला कळतं असं मी समजत होते. समोर बारा किलो लोखंड एका बारीक बाईच्या डोक्यावर स्थिर होतं, आणि तिच्या छातीची उजवी बाजू तेवढी वर येत होती, खाली जात होती. देवळात मेणबत्तीपुढे उभं राहावं तशी मी उभी होते.

पंच मोजत होता. "अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव." शेवटची शिट्टी झाली तेव्हा एकशे एक झाले होते. तिनं गिर्या हळूच, आवाज न करता खाली ठेवली. डॉक्टरनं तिचं मनगट धरलं. नाडी मोजून झाल्यावरही त्यानं ते बराच वेळ सोडलं नाही.

पूर्ण दहा मिनिटं उभ्या राहिलेल्या चौघींत तिचा आकडा सर्वांत कमी होता. म्हणजे चौथी. पदक तिघींना. नेचिपीरला वाईट वाटलं, तिला नाही. परतीच्या बसमध्ये तिनं डबा उघडून बटाट्याच्या करंज्या सगळ्यांना वाटल्या.

साव्वा म्हणाला, "मावशी, त्या बाया इतक्या पुढे होत्या. शेवटी तरी वेग वाढवायचा."

"वाढवला ना. शेवटच्या मिनिटात अकरा केले."

त्यानंतर ती आणखी चार वर्षं गेली. एकदा तिसरी आली, पदक मिळालं, ते शिवणयंत्राच्या खणात टाकून ठेवलं. मग खांदा दुखायला लागला आणि तिनं उचलणं सोडलं. पण क्षयाच्या दवाखान्यातून नव्यानं ऑपरेशन झालेली माणसं आमच्याकडे आली, की मी उल्यानाताईचा पत्ता लिहून देते आणि सांगते, बरणी घेऊन जा. परवा एक ट्रकचालक गेला होता. परत येऊन मला म्हणाला, "त्या बाईंनी मला तीन वेळा बाद केलं."