रंजिताचा डावा हात

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खेळायला कोणाची ना नसते. पोरांनी वर्षभरात कधी पत्त्याला हात लावला तर त्यांना बदडून काढणारे बापसुद्धा त्या दिवशी ओट्यावर फड मांडून बसतात. बहादरपुरात चंदनच्या घरी मात्र पत्ते मागे पडले आणि गेम पुढे आला. चंदनचं शहरात शनवारा भागात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. लहानपणी तिथंच एका गाळ्यात रुपया टाकून खेळायचा उभा व्हिडिओ गेम असायचा, तो काही त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. शेवटी जुन्या कपाटाचं प्लाय कापून, आत छोटा कॉम्प्युटर बसवून त्यानं तस्साच घरी उभा केला. वर टीव्ही, खाली फळी. फळीवर डावीकडून आधी एकाचा दांडा, मग त्याची सहा बटणं. त्यापुढे दुसऱ्याचा दांडा, मग त्याची सहा बटणं. डाव्या हातानं दांडा हलवायचा, उजव्यानं बटणं बडवायची. जगात सगळे उजवेच जन्माला येतात, अशा थाटात केलेली ती मांडणी.

आणि चंदनची थोरली बहीण रंजिता डावखुरी. म्हणजे अगदी पक्की.

धुरपदाबाईंनी, या दोघांच्या आईनं, उपाय काय कमी केले? पोरीच्या हाताला फडकं बांधलं, उलथन्याचा चटका दिला, डाव्या हातानं घास उचलला की पाठीत धपाटा घातला. पोर जेवायला तेवढी उजव्या हातानं शिकली. बाकी काही तिनं दिलं नाही. लग्नाचं वय झालं, तिला पाहायला जळगावकडचे पाहुणे आले. नाव लिहून दाखव म्हणाले. आईनं डोळे वटारले म्हणून रंजितानं उजव्या हातानं लिहिलं, आणि अक्षरं अशी पडली की मुलाच्या आत्यानं विचारलं, "शिकेल आहे ना पोरगी?" झालं! रंजितानं पेन डाव्या हातात घेतलं आणि नाव, गाव, जिल्हा, वर मुलाच्या आत्याचंसुद्धा नाव, सुरेख वळणात लिहून कागद पुढे सरकवला. सोयरीक मोडली. मोडली तर मोडली! पुढे सुधाकर पाहायला आला. तो कागद कारखान्यात कामाला. त्यानं लिहायला काही सांगितलं नाही, चहा आवडला एवढंच म्हणाला. त्याच्याशी तिचं लग्न झालं.

आता ती कारखान्याच्या कॉलनीत ब्लाउज शिवते. दुकानात मिळते ती कात्री उजव्यांची, डाव्या हाताच्या अंगठ्यात उलटी रुतणारी. तिथं कायमचा घट्टा पडलाय. कोणी विचारलं तर सांगते, कात्री बावळट आहे, माझा हात नाही.

गेमचं दुखणं जुनं होतं. लहानपणी चंदनला एकट्याला शनवाऱ्याला सोडत नसत, म्हणून ती सोबत जायची आणि हट्टानं खेळायची. उजवा हात दांड्यावर, त्याच्यावरून डावा हात आडवा टाकून बटणांवर. पोरं तिला कैंची म्हणून चिडवत. तिचं कोपर शेजारच्या खेळणाऱ्याच्या दांड्याला लागायचं, तो ओरडायचा, आणि एक दिवस दुकानदारानं चंदनलाच दम दिला, "ये लडकी को मत लाया कर." त्यानंतर ती बाहेर पायरीवर बसून भावाची वाट बघायची. तो राग आजवर तिच्या पोटात होता, आणि का नसावा?

यंदाच्या आखाजीला ती माहेरी आली. आमरस-पुरणपोळी झाली, माणसं खोलीत दाटीनं बसली आणि मारामारीचा गेम सुरू झाला. चंदन सगळ्यांना हरवत होता. मध्येच कौतिककाका खेळायला उठले. त्यांचा उजवा अंगठा संधिवातानं आखडलेला. चंदननं लगेच टीव्हीवर सेटिंग उघडलं. पडद्यावर एकेक नाव येई, ठोसा, लाथ, उडी, आणि ते ज्या बटणावर हवं ते बटण दाबलं की झालं. अंगठ्याखालची लाथ त्यानं काकांच्या मधल्या बोटाखाली आणून दिली. ना स्क्रू काढला, ना वायर. काका हरले आणि खूश होऊन बसले.

रंजिता हे सगळं नीट बघत होती. ती उठली.

"आता मी."

"ये ना ताई," चंदन म्हणाला. "पण सीधी खेळ हं. कैंची नाही चालणार."

"कैंची नाही करत. सेटिंग बदलते."

"ए, हात नको लावू! सगळ्यांची सवय बिघडेल."

"काकांसाठी लावला तेव्हा नाही बिघडली?"

"काकांचा अंगठा दुखतो, यार. तुझा हात चांगला आहे."

"चांगलाच आहे," रंजिता म्हणाली. "तेच तर सांगून राहिली मी."

पलंगावरून धुरपदाबाई खेकसल्या, "व माय, इतके पाहुणे बसेल आहेत! आखाजीच्या दिवशी कायले तमाशा? उजव्या हातानं खेळ, नाहीतर बस गुपचूप."

रंजिताच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. खेळायचं तर यांच्या हातानं, नाहीतर पुन्हा त्या पायरीवर. पोराबाळांची आई झाली, चार घरची कापडं तिच्या भरवशावर कापली जातात, आणि अजून तेच!

"नाही बसत," ती म्हणाली. "आज नाही बसत मी."

आणि ती बसली नाहीच. फळीसमोर जाऊन उभी राहिली, पण उजव्या बाजूला नाही आणि डाव्या बाजूलाही नाही, बरोबर मधोमध. डावा हात पहिल्याच्या बटणांवर ठेवला, उजवा हात दुसऱ्याच्या दांड्यावर. हात कुठं एकमेकांवरून जात नव्हते. मग तिनं सेटिंग उघडलं, तो दांडा आणि ती बटणं एकाच गड्याला लावली आणि एकेक बटण आपल्या बोटांच्या क्रमानं लावलं. हलका ठोसा तर्जनीखाली, जोराचा करंगळीकडे. कोणी उठून अडवलं नाही, कारण अडवायला तिच्याजवळ जावं लागलं असतं आणि तिचा चेहरा तसा नव्हता.

"अगं पण दोघांची जागा तूच खाल्ली," चंदन हसत म्हणाला. "मी कुठून खेळू?"

"उरलं ते तुझं. डावीकडच्या टोकाला एक दांडा आहे, उजवीकडच्या टोकाला सहा बटणं आहेत. दांडा तुझ्या डाव्या हाताला, बटणं उजव्या हाताला. तुझ्या सवयीचंच आहे सगळं."

आणि खरंच तिनं ते तसंच लावून दिलं. खोलीत हशा पिकला. कौतिककाका मांडी थोपटून म्हणाले, "आता खेळ रे चंद्या! लई हरवून राहिला होता मघापासून."

भाऊ म्हणून बरं, दुसरा कोणी असता तर पंचाईतच होती. चंदन बहिणीच्या मागे उभा राहिला, दोन्ही हात फाकवले, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि तिच्या डोक्यावरून मान काढून पडद्याकडे बघायला लागला. गेम सुरू झाला. पहिली फेरी रंजितानं बघता बघता मारली. कित्येक वर्षांत ती खेळली नव्हती, पण तिच्या डाव्या हाताला कोणी शिकवायची गरज नव्हती. बटणं तडतड वाजत होती आणि ती मोठ्यानं हसत होती. असं मोकळं हसताना तिला त्या घरात कोणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत चंदननं जीव ओतला. दांडा सटकला, तो बघायला गेला तर बटण चुकलं. बटण सापडलं तर पडद्यावर त्याचा गडी आडवा. त्याचे खांदे भरून आले, घाम बहिणीच्या केसांवर ठिबकला. घरात हरायची त्याला सवय नव्हती. लोक फिदीफिदी हसत होते, तेही त्याच्यावर. कोणीतरी त्याला खेकडा म्हणालं. त्याचा गडी पुन्हा आपटला आणि तो भडकला. फळीवरून हात काढून ओरडला,

"हे काय आहे, ताई? सगळं दुसऱ्याच्या सोयीचं, आणि आपण हात वाकडे करकरून खेळायचं, वरून लोकांनी हसायचं! असं कुठं खेळता येतं का माणसाला?"

रंजितानं मागे वळून त्याच्याकडे बघितलं. पलंगावर धुरपदाबाईंचं पान चघळणं थांबलं होतं.

"येतं," ती म्हणाली. "मी जन्मल्यापासून खेळते आहे."

पडद्यावर पुढच्या डावासाठी उलटी मोजणी सुरू झाली होती.

"हात का काढला?" रंजिता म्हणाली. "लाव."