परवानगीचं पत्र कुणी वाचलं

आमचं कॉलेज गंगापूर रोडला. कर्णबधिर मुलांना शिकवणारे शिक्षक इथं तयार होतात. मी तिथं ग्रंथालयात शिपाई. चंद्रपूरकडची, सातवीत शाळा सुटलेली. ग्रंथपाल मॅडमनी मला नोकरीला लावलं आणि रोज डबे झाले की इंग्रजी वाचायला शिकवलं. ते उपकार आहेत म्हणूनच हा राग जात नाही.

कपाटात अमेरिकेची एक जुनी व्हिडिओ कॅसेट होती. एक बाई चार लहान मुलांना ओठांवरून शब्द ओळखायला शिकवते. पण तिकडची कॅसेट आपल्या मशीनवर नीट चालत नाही. चित्र काळंपांढरं दिसतं आणि सारखं वर पळतं. आपल्या पद्धतीत बदलून कॉम्प्युटरवर घ्यायची ठरली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आधी विचारायचं. वस्तू त्यांची आहे." त्यांनी मेल केला. उत्तर खुद्द त्या बाईंचं आलं.

ऑफिसात सगळ्यांना एवढंच कळलं की परवानगी आली. क्लार्कनं त्या मेलचं पत्र छापून, आवक क्रमांकाचा शिक्का मारून फाइलला लावलं. मी मात्र डिक्शनरी घेऊन चार दिवस ते वाचलं. मला भीतीच असते, काही चुकलं तर घरी परत जावं लागेल. पत्रात होतं: एकच प्रत करा, वर्गातच दाखवा, इंटरनेटवर टाकू नका, मुलांचे चेहरे आहेत आणि आईवडिलांनी फक्त वर्गापुरतं हो म्हटलंय. त्याखाली मॅडमनी 'मान्य' लिहून सही केली होती.

मॅडम रिटायर झाल्या. पुढच्याच जूनमध्ये ती फिल्म कॉलेजच्या चॅनेलवर. वर आमचा लोगो, खाली 'प्रवेश सुरू'.

मला दिसायलाच नऊ दिवस गेले. दिसल्यावर मी फाइल घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. क्लार्क तिथंच होता.

"सर, ही टाकायला मनाई आहे."

"परवानगी आहे ना फाइलला, मावशी."

"वर्गापुरती आहे. वाचा ना."

क्लार्क म्हणाला, "सर, मावशींना आता कोर्टात पाठवू या. काळा कोट शिवायला टाकतो."

सर हसले. "अहो, अमेरिकेतून इथं कोण बघायला येतंय?"

माझे कान तापले. एवढ्या पदव्यांची माणसं, आणि पत्रावरचा शिक्का तेवढा बघितला. खाली सही मॅडमची. खोट्या त्या ठरणार, हे दोघं नाहीत. आणि ती चार मुलं? आपलं पोर कुणी असं जाहिरातीला लावलं असतं तर?

"कोणी येत नसेल तर मीच कळवते त्यांना," मी म्हणाले. फाइल टेबलावर उघडून ठेवली. "पत्ता पत्रावरच आहे."

"तुम्ही मेल लिहिणार?"

"मॅडमनी शिकवलंय."

दुपारी फिल्म उतरली. सोमवारी मला ग्रंथालयातून काढून वसतिगृहाच्या कामाला लावलं.

मेल मी तरीही पाठवला. फिल्म उतरवली, मॅडमचा दोष नाही, एवढं लिहून झालं. किती दिवस लोकांना दिसली, तिथं हात अडला. कमी लिहिलं असतं तर कुणाला कळलं असतं?

नऊच लिहिलं.